विमान लोहगावला उतरले, पुढे घर कसे गाठायचे?



आमच्या खात्याच्या माणसाला शिवारात गाठून लोक काय विचारतात? कांद्यावर करपा आलाय, काय फवारू? बटाट्याचे बेणे कुठून आणू? ठिबकचे अनुदान जमा कधी होणार? तीस वर्षे मी अशाच प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे. पण अलीकडे खेड-आंबेगावच्या बाजूला बांधावर जरा टेकले, की एक निराळाच प्रश्न येतो. "साहेब, पोरगी बंगळूरवरनं विमानानं येतीय. लोहगावला उतरणार. तिला आणायचं कसं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सातगाव पठारावर बटाटा काढणाऱ्या घरातली मुले आज हैदराबाद-बंगळूरला संगणकाच्या कंपन्यांत आहेत. कुणाची सून दुबईला परिचारिका आहे, कुणाचा नातू दिल्लीला शिकतो आहे. विमानाचे तिकीट ही मुले फोनवर चुटकीसरशी काढतात. विमान तासा-दीड तासात पुण्यात येते. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. लोहगाव ते आपले गाव हे चाळीस-पन्नास किलोमीटर कसे काटायचे, हे ठरवण्यात घरातली चार डोकी दोन दिवस खर्ची पडतात. माझी नोकरी चाकण, राजगुरुनगर, मंचर या पट्ट्यात झाली आणि बिऱ्हाड पिंपरी-चिंचवडला. त्यामुळे पाहुण्यांना आणणे-पोचवणे पुष्कळदा माझ्या वाट्याला आले. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

प्रथम लोहगाव म्हणजे काय ते ध्यानात घ्या. हे मुळात हवाई दलाचे ठिकाण. १९३९ साली, इंग्रजांच्या अमदानीत ते सुरू झाले. आजही धावपट्टी हवाई दलाचीच आहे आणि प्रवासी विमाने तीच वापरतात. प्रवाशांसाठी नवी मोठी इमारत बांधली, ती जुलै २०२४ पासून वापरात आली. वारकरी मंडळींना लोहगाव निराळ्या नात्याने माहीत आहे. तुकोबारायांचे ते आजोळ. देहू, आळंदी आणि लोहगाव ही तिन्ही गावे आपल्याच वाटेवरची. तेव्हा परमुलखात उतरल्यासारखे बावरून जायचे कारण नाही.

विमानतळापासून पुणे स्टेशन साधारण नऊ-दहा किलोमीटर, पिंपरी वीसेक, आणि चाकण पंचवीस ते तीस. अंतर ऐकले की वाटते, यात काय अवघड आहे? पण अंतरावर जाऊ नका, वेळेवर जा. कंपन्यांची पाळी सुटायच्या वेळी भोसरी ते चाकण हा नाशिक रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला मी काय वेगळे सांगणार? चाकणच्या तळेगाव चौकात एकदा मालमोटारींच्या रांगेत अडकलात, की बैलगाडी बरी असे म्हणायची पाळी येते.

आता आपल्याकडची नेहमीची रीत घ्या. मुलगी येणार म्हटले की घरची जीप किंवा पिकअप काढायची. बाप, भाऊ, चुलता, आत्या आणि विमान बघायला मिळेल म्हणून दोन-तीन पोरे. "घरची गाडी आहे, भाडे कशाला द्यायचे?" हा सगळ्यांचा सवाल. मी त्यांना पिकाचा उत्पादन खर्च काढायला लावतो तसाच हा खर्च काढायला लावतो. राजगुरुनगरच्या पुढच्या गावाहून जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर. जीपला दहा-अकरा लिटर डिझेल, म्हणजे नव्वदच्या भावाने हजाराच्या घरात. विमानतळावर पार्किंगची पावती. सात माणसांचा चहा-फराळ, आणि विमान उशिरा आले तर जेवणही. हे दिसणारे झाले. न दिसणारे कोण धरणार? संध्याकाळची धार शेजाऱ्यावर सोपवली, त्याने म्हैस आटवली. त्या रात्री शेतीपंपाला विजेची पाळी होती, ती गेली आणि कांद्याचे पाणी चार दिवस लांबले. गाडी चालवणारा भाऊ दिवसभर राबलेला, आणि रात्री दोन वाजता परतीच्या वाटेवर त्याचे डोळे मिटू लागतात. हा शेवटचा खर्च तर कुठल्याच वहीत मांडता येत नाही. एका घरी बसून मी हा हिशेब पाटीवर मांडला, तेव्हा बेरीज डीएपीच्या दोन गोण्यांच्या आसपास गेली. भाड्याची गाडी त्याहून स्वस्त पडली असती. पण घरच्या मजुरीची किंमत धरायची सवय आपल्याला शेतात नाही, तर रस्त्यावर कुठून येणार?

अर्थात घरची गाडी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. आजारी माणूस येत असेल, तान्हे मूल असेल, सामानाचे बोचके मोठे असेल, किंवा आई पहिल्यांदाच विमानात बसून एकटी येत असेल, तर जरूर जा. पण दोघे जा, सात नव्हे.

यावरून एक प्रसंग सांगतो. खेड तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या छातीत संध्याकाळी वखारीपाशी कांदा निवडता निवडता कळ आली. पोराने त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात आणले. डॉक्टर म्हणाले, सकाळी हृदयाची नळी मोकळी करू, घरच्यांना बोलावून घ्या. मुलगी हैदराबादला. तिला रात्रीच्या शेवटच्या विमानात जागा मिळाली. ते लोहगावला उतरणार सव्वाबाराला. मी तेव्हा दवाखान्यातच होतो. गावाकडून चुलत्यांचा फोन, "मी पिकअप घेऊन निघतो. अर्ध्या रात्री पोर एकटी परक्याच्या गाडीत बसायची नाही."

भाऊ गोंधळला. वडील आत, बहीण आभाळात, चुलत्यांना नाही म्हणायचे कसे? मी त्याला म्हटले, विमान सुटायच्या आधी बहिणीलाच विचार. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी हैदराबादला रोज रात्री दहाला अशीच घरी जाते. काउंटरवरून गाडी घेईन. नाना निघाले असतील तर त्यांना सरळ दवाखान्यात यायला सांग."

विमान वेळेवर उतरले. तिने इमारतीतल्या टॅक्सीच्या खिडकीवर पैसे भरून पावती घेतली. गाडीत बसण्याआधी नंबर भावाला वाचून दाखवला, फोनवरून आपला ठावठिकाणा त्याला दिसेल असे केले, आणि एकच्या सुमारास ती वडिलांच्या खाटेशी होती. ते जागे होते. बापलेकी अर्धा तास बोलली. जमिनीच्या वाटपाचे, धाकट्याच्या लग्नाचे, कुणाचे उसने द्यायचे राहिले होते त्याचे, असे बरेच काही त्यांना सांगायचे होते. नाना पोचले पहाटे चारला, कारण चाकणच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता. वडील बरे झाले. आज ते वखारीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि कांदा दुसऱ्यांकडून निवडून घेतात. पण नानांचा माझ्यावरचा राग काही गेला नाही. "घरची गाडी असताना पोरीला भाड्याच्या गाडीनं यायला लावलं," हे ते अजून चारचौघांत ऐकवतात. मी ऐकून घेतो. त्यांच्या जागी त्यांचेही काही चुकले असे मला वाटत नाही. पण ते तीन तास त्या माणसाला मिळाले नसते तर?

तेव्हा रात्रीचे विमान असेल तर टॅक्सीच धरावी असे माझे मत आहे. तीही कशी, ते नीट ऐका. दाराबाहेर पडताच "काका, कुठं जायचं? चला सोडतो," म्हणत जो माणूस पिशवीलाच हात घालतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. माझ्या ओळखीच्या दोघांना अशा गाडीवाल्याने निम्म्या वाटेत भाडे वाढवून सांगितले होते, आणि सामान डिकीत असल्यामुळे त्यांना ते मुकाट द्यावे लागले. इमारतीतल्या खिडकीवर पावती फाडली की भाडे आधीच ठरते. फोनवरून मागवायच्या गाड्या समोरच्या एरोमॉल नावाच्या मोठ्या पार्किंगच्या इमारतीतून मिळतात, दारात नव्हे. तिथवर सामान घेऊन जावे लागते, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला हे आधी सांगून ठेवा. या गाड्यांचे भाडे गर्दी आणि पाऊस बघून चढते. चालक कधी "चाकणला येत नाही" म्हणून फेरी रद्दही करतो, कारण परतीचे भाडे मिळत नाही. त्याचेही पोट आहे, पण आपला खोळंबा होतो. गाडीत बसताना फोनवर आलेले अंक चालकाला सांगावे लागतात. नंबरपाटी तीच आहे का ते बघूनच सांगावेत. काही वावगे वाटले तर ११२ हा पोलिसांचा नंबर फिरवावा. आपल्या लेकीसुनांच्या फोनमध्ये हा नंबर आजच घालून द्या.

दिवसाचे विमान असले, अंगात धडधाकटपणा असला आणि हातात एक-दोनच पिशव्या असल्या, तर मात्र मी मेट्रोच्या बाजूचा माणूस आहे. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, आणि बरोबर दोन वर्षांनी, ६ मार्च २०२४ ला, ती नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत पोचली. रामवाडी हे विमानतळाला जवळचे स्टेशन, चार-पाच किलोमीटरवर. तिथवर पीएमपीची बस मिळते, नाही तर रिक्षा. रिक्षात बसताना मीटर टाकायला सांगा. पुणे भागात सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ असा दर ठरला होता. मध्यरात्रीनंतर जादा आकार असतो. मीटर न टाकता तोंडी भाडे सांगणारा भेटला, तर दहा पावले पुढे जाऊन दुसरी रिक्षा बघावी.

रामवाडीला तिकीट काढताना नुसते "पिंपरी" म्हणा. भाडे दहा रुपयांपासून सुरू होते आणि लांबच्या टोकालाही चाळिसाच्या आत राहते. पुणे स्टेशनही याच मार्गावर आहे. ज्यांना रेल्वेने पुढे सोलापूर-कोल्हापूरकडे जायचे आहे, त्यांनी तिथेच उतरावे. पिंपरीकडे जाणाऱ्यांनी सिव्हिल कोर्ट स्टेशनवर गाडी बदलायची. इथे आपली माणसे घाबरतात. कारण रामवाडीची गाडी वरून, खांबांवरून येते आणि पिंपरीची गाडी जमिनीच्या पोटातून जाते. वरून खाली जायचे म्हणजे सरकत्या जिन्यांची रांगच लागते. हे स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. आपल्या हिशेबाने अठरा परस खोल विहीर! मी एकदा मंचरच्या दोन शेतकऱ्यांना घेऊन उतरलो, तर एक जण खाली पोचल्यावर म्हणाला, "साहेब, एवढं खोदलं तर आमच्याकडं पाणी लागायला पाहिजे होतं." सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्यांसाठी लिफ्टही आहे. लुगडे-धोतर जिन्याच्या कडेला अडकणार नाही एवढे बघा. आणि हो, मेट्रोत शिरताना पिशवी यंत्रातून तपासतात. विळा, कोयता, खुरपे बरोबर असेल तर अडवतील. पुण्याच्या बाजारातून अवजारे घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे कुठे उतरायचे ते ज्याच्या त्याच्या कामावर आहे. वायसीएम रुग्णालयात किंवा वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर जायचे असेल, तर संत तुकारामनगर स्टेशन. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगावकडे जायचे असेल, तर त्याच्या अलीकडे नाशिक फाट्याला उतरावे आणि खाली येऊन नाशिक रस्त्याची एसटी किंवा पीएमपी धरावी. बस भरून आली, तर भोसरीपर्यंत जाऊन तिथून बसावे, जागा मिळते. पूर्वी शिवाजीनगरच्या स्टँडवरून सुटणाऱ्या नाशिककडच्या गाड्या २०१९ च्या अखेरीपासून वाकडेवाडीहून सुटतात. जुन्या आठवणीवर शिवाजीनगरला उतरून स्टँड शोधत फिरणारे पुष्कळ भेटतात. सगळे धरून विमानतळ ते चाकण हा प्रवास शंभर-सव्वाशे रुपयांत होतो. वेळ मात्र अडीच-तीन तास धरा. पैसा हवा की वेळ, एवढेच ठरवायचे. कॉलेजातल्या पोराला मी बसने यायला सांगेन, त्याच्या आजीला नाही.

पीएमपीच्या बसचे निराळे सांगायला हवे, कारण तिचे मार्ग बदलतात. विमानतळावरून शहरात आणि पिंपरी-चिंचवडकडे गाड्या सोडल्या जातात, पण गेल्या वर्षी होती ती गाडी यंदा असेलच असे नाही. जून २०२५ मध्ये भाडे वाढले आणि कमीत कमी तिकीट पाचाचे दहा झाले. तरीही त्याहून स्वस्त काही नाही. विमानतळावर उतरल्यावर पाच मिनिटे चौकशी करावी. गाडी अर्ध्या तासात असेल तर थांबावे, नसेल तर वाट बघत बसू नये.

आळंदीच्या अंगाने चाकणला जायचा रस्ता बऱ्याच जणांना सुचत नाही. विश्रांतवाडी, दिघी, आळंदी आणि तिथून चाकण. नाशिक रस्ता तुंबला असेल, तेव्हा हा कामी येतो. मात्र पंचांग बघून! ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आसपास माउलींच्या पालखीचे प्रस्थान, आणि कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा. त्या दिवसांत त्या रस्त्याने मोटार नेण्याचा विचारही करू नये. पोलीस वाहतूक वळवतात, आणि ते योग्यच आहे. तसेच डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरते. विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी आता नागपूरहून विमानानेही त्यासाठी येतात. त्यांनी मोशीसाठी पिंपरीला जाऊन उलटे येऊ नये, लोहगावहून दिघी-भोसरीमार्गे सरळ यावे. तिघे-चौघे असतील तर एक टॅक्सी वाटून घेणे बसला भारी पडत नाही.

परदेशातून येणारे पुष्कळसे मुंबईला उतरतात. तिथून द्रुतगती मार्गाने वाकडपर्यंत शिवनेरी बस किंवा टॅक्सी. आता पनवेलजवळ नवी मुंबईचे विमानतळही झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर विमाने सुरू झाली. ते घाटाच्या पायथ्याकडे असल्याने पिंपरी-चिंचवडकरांचा मुंबई शहरातला अडथळा वाचतो. तिकीट काढताना "मुंबई" या नावाखाली नेमके कोणते विमानतळ आहे ते पोराला विचारा, नाही तर गाडी एकीकडे आणि पाहुणा दुसरीकडे.

जाता जाता एक गोष्ट मनात येते ती लिहितो. पुण्याचे नवे विमानतळ एके काळी आपल्या चाकण-खेडलाच होणार होते. जागांची पाहणी झाली, लोकांनी विरोध केला, आणि २०१६ मध्ये ते पुरंदरकडे गेले. कारखानदार अजून हळहळतात. माझ्याकडे येणारी तरुण पोरेही म्हणतात, "साहेब, झालं असतं तर घरून पंधरा मिनिटांत विमानात बसलो असतो." खरे आहे. पण कुणाच्या घरून? चाकण एमआयडीसीत गेलेल्या कांद्याच्या जमिनी मी बघितल्या आहेत. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ पिकवणारी पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावे आज त्याच पेचात आहेत, आणि २०२५ मध्ये तिथे मोजणीवरून लोक रस्त्यावर उतरले. लोहगाव लांब पडते म्हणून कुरकुरणाऱ्याला मी ही नावे सांगतो. बंगळूर आणि हैदराबादची नवी विमानतळे २००८ मध्ये शहराबाहेर कितीतरी लांब नेली. त्या मानाने आपले लोहगाव अंगणात आहे.

राहता राहिले परत पोचवायचे. येण्यापेक्षा जाणे अवघड, कारण विमान आपल्यासाठी थांबत नाही. देशातले विमान असेल तर दोन तास आधी आणि परदेशी असेल तर तीन तास आधी विमानतळावर हजर असावे. राजगुरुनगरच्या पुढून निघणाऱ्याने दिवसा याच्यावर आणखी अडीच तास धरावेत आणि पाळी सुटायची वेळ टाळावी. पहाटेचे विमान असेल, तर रात्री गावाहून निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पिंपरीत पाहुण्यांकडे मुक्कामाला यावे. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून ठेवतात. ती मोठ्या बॅगेत, तोंड नीट बांधून. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल हातात न्यावी, त्याला कुणी हरकत घेत नाही.